‘शीळ’ : एका ध्वनिमुद्रिकेची निर्मिती, तिचा स्वीकार आणि मराठी समीक्षेचे मौन

प्रस्तावना :

मराठी कवितेचा इतिहास आपण प्रामुख्याने काव्यसंग्रहांच्या आधारे मांडत आलो आहोत. कोणता संग्रह कोणत्या साली प्रकाशित झाला, त्यावर कोणी काय लिहिले, त्याला कोणता पुरस्कार लाभला, या क्रमाने कवीचे स्थान निश्चित केले जाते. कविता प्रथम ग्रंथात येते, मग वाचली जाते आणि त्यानंतर क्वचित गायली जाते, असे या मांडणीत न सांगताच गृहीत धरलेले असते. बुलढाणा जिल्ह्यातील एका कवीच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा घडला. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी या तरुण गायकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि रसिकांच्या ओठांवर गेली. याच नावाचा देशपांडे यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ मध्ये. म्हणजे मधली सुमारे वीस वर्षे ही कविता मुख्यतः कानांनी ‘वाचली’ गेली.

मराठीतील भावगीताचा आरंभ या ध्वनिमुद्रिकेपासून मानण्याचा प्रघात आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर चित्रपटाबाहेरचे, स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेले हे एका नव्या गायकाचे लोकप्रिय गाणे होते. तरीही आपल्या समीक्षेत ‘शीळ’चा उल्लेख कवितेच्या अंगाने होतो, किंवा संगीताच्या आठवणींतून होतो, ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र कलाकृती मानून तिचा विचार अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखात या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीचे व स्वीकाराचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. तसेच अलीकडच्या काळातील एका लोकप्रिय मराठी गाण्याशी तिचे नाते जोडून पाहिले आहे.

१. कवी, गायक आणि काळ :

देशपांडे आणि जोशी या दोघांचाही जन्म १९०९ सालचा. ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा दोघेही ऐन पंचविशीच्या आतबाहेर होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. देशपांडे हे मेहकर तालुक्यातील शेंदुरजनचे. पुढे मेहकरला वकिली करीत त्यांनी आयुष्य काढले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते कायम दूर राहिले. त्या काळी मराठी कवितेत जानपद गीतांचा प्रवाह सुरू झाला होता. परंतु त्यातील पुष्कळशी गीते शहरात बसून खेड्याकडे पाहणारी होती. देशपांडे यांना खेडे आठवावे लागत नव्हते. ते दारातच होते. त्यामुळे त्यांच्या गीतातील मळा आणि सुगी ही केवळ सजावट वाटत नाही.

ज्या काळात ही ध्वनिमुद्रिका आली तो काळही संक्रमणाचा होता. नाट्यसंगीताचे वैभव ओसरू लागले होते. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये आला; चित्रपटगीताची सत्ता अद्याप प्रस्थापित व्हावयाची होती. दुसरीकडे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी सुशिक्षित वर्गात निर्माण केली होती. मात्र काव्यगायनात कवी स्वतःच आपली कविता गात असे. चाल ही बहुधा वृत्ताची सावली असे आणि श्रोता समोर बसलेला असे. ‘शीळ’च्या ध्वनिमुद्रिकेत कवी आणि गायक वेगळे झाले आणि श्रोता अदृश्य झाला. हा बदल वरवर तांत्रिक वाटला तरी त्याचे वाङ्मयीन परिणाम दूरगामी होते.

२. तीन मिनिटांची अट :

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. रंगभूमीवर एकेक पद ‘वन्समोअर’ घेत रात्र जागवीत असे; तबकडीवर ती सोय नव्हती. या अटीमुळे गायकाला आलाप-तानांचा विस्तार सोडावा लागला. जे उरले त्यात शब्द स्पष्ट ऐकू येणे ही पहिली गरज ठरली. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि भोंग्यासमोर मोठ्याने गाण्याची सक्तीही संपली. मायक्रोफोनसमोर हळू, जवळिकीच्या स्वरात गाता येऊ लागले. भावगीताचा जो मृदू, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीशी बोलल्यासारखा स्वर आपण ओळखतो, त्याच्या घडणीत कवीच्या प्रतिभेइतकाच या यंत्राचाही वाटा आहे.

‘शीळ’ ही कविता या अटीला जणू आधीपासूनच अनुकूल होती. आखूड ओळी, पुन्हा पुन्हा परतून येणारे ध्रुपद, एकाच व्यक्तीला उद्देशून केलेले संबोधन आणि ‘ळ’ या वर्णाची लयबद्ध पुनरावृत्ती हे तिचे विशेष आहेत. ‘शीळ’ या शब्दातच एक श्लेष दडलेला आहे. तो प्रियकराने घातलेली साद सुचवितो आणि त्याच वेळी कुळाच्या शीलाकडे, म्हणजे प्रतिष्ठेकडेही बोट दाखवितो. छापील ओळीत हा श्लेष वाचकाला शोधावा लागतो. गाण्यात तो कानावर आपोआप पडतो. ही कविता ऐकण्यासाठीच लिहिली गेली असे म्हणण्याचे धाडस करण्याची गरज नाही. ती ऐकताना अधिक पूर्ण होते, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

३. स्त्रीचा उद्गार, पुरुषाचा आवाज :

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात ही कविता शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाने ती आधी पुस्तकातून वाचून दाखविली आणि नंतर जोशी यांच्या आवाजातील गाणे भ्रमणध्वनीवरून ऐकविले. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे बाई बोलते नं, मंग माणूस काहून गाते?” वाचन चालू असताना हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता. आवाज ऐकू येताच तो पडला. समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न मूलभूत आहे.

कवितेतील नायिका आपल्या रायाला वेळकाळाचे भान नसल्याबद्दल बोल लावते. त्याची शीळ मात्र ती सुगी सोडून ऐकत राहते. तक्रार आणि ओढ असा दुहेरी भाव या उद्गारात आहे. पुरुष कवीने स्त्रीच्या मुखातून बोलण्याची ही परंपरा मराठीत जुनी आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणी, संतांच्या गौळणी आणि राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर या शाहिरांच्या लावण्या यांतून ती अखंड चालत आली आहे. परंतु लावणीचा फड डोळ्यांसमोर असतो. तेथे नाचणारी, अदा करणारी व्यक्ती दिसत असल्यामुळे स्त्रीच्या उद्गाराला देह लाभतो. ध्वनिमुद्रिकेत देह नाही, केवळ आवाज आहे. शृंगाराचा उद्गार फडातून उचलला गेला आणि मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात आला तो देह गाळूनच. जोशी यांच्या संयत गायनामुळे तो तेथे स्वीकारार्ह ठरला. भावगीताची ‘सभ्यता’ ही अशा रीतीने घडली. त्यात लाभ आहे, तसाच एक तोटाही आहे. ज्या स्त्रीचा उद्गार म्हणून हे गीत आहे ती स्त्री त्यात कोठेही गात नाही.

या संदर्भात शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची आठवण अपरिहार्य ठरते. त्यांच्या ओव्याही आधी गायल्या-ऐकल्या गेल्या आणि ग्रंथरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये आल्या. पण त्यांच्या आवाजापुढे मायक्रोफोन कोणी धरला नाही. ‘शीळ’मधील कल्पित स्त्रीचा उद्गार तबकडीवर जात होता, त्याच वर्षांत खरी गाणारी स्त्री जात्यावर गात होती. हा योगायोग नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या संधीचे वाटप त्या काळी कसे होते याचा तो पुरावा आहे.

४. स्वीकाराचे दोन परिणाम :

‘शीळ’च्या लोकप्रियतेने गायकाचे आयुष्य घडविले. जोशी १९३८ मध्ये एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले आणि पुढे अनेक दशके त्यांनी थोर गायक-वादकांची कला ध्वनिमुद्रित केली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच निर्मितीतील होय. रानातील शिळेपासून सुरू झालेला हा प्रवास काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाच्या दिवसापर्यंत पोहोचला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

कवीच्या वाट्याला आलेले फळ मात्र संमिश्र होते. ‘शीळ’ नंतर ‘अभिसार’ आला. पुढे ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या संग्रहातील कविता अंतर्मुख, चिंतनशील आणि रूपाने सर्वस्वी निराळी आहे. तरीही २००० साली कवीचे निधन होईपर्यंत आणि त्यानंतरही सामान्य रसिकाच्या मनात देशपांडे म्हणजे ‘शीळ’ हेच समीकरण राहिले. एका गाण्याच्या यशाने उरलेल्या कवितेवर पडदा टाकला. समीक्षेने हा पडदा दूर करावयास हवा होता. परंतु ज्या समीक्षेने ध्वनिमुद्रिकेला ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूस ठेवले, तिनेच कवीलाही ‘गीतकार’ म्हणून काहीसे बाजूस ठेवले. लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे हे खरेच. पण तो गुणवत्तेच्या अभावाचाही पुरावा नव्हे. या दोहोंतील भेद आपण पुरेशा दक्षतेने केलेला नाही.

५. ‘शीळ’ ते ‘गुलाबी साडी’ :

धामणगाव बढे हे गाव मोताळा तालुक्यात, जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. मेहकर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तर जळगाव सीमेपलीकडे. याच जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुण गायकाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीत मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही पोहोचले. हे त्याचे पहिले गाणे नव्हे. त्याआधी ‘नऊवारी’ने त्याला ओळख दिली होती. पण देशभर नाव झाले ते या गाण्याने. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ते वाजते तेव्हा आपल्यापैकी अनेक जण नापसंतीने मान फिरवितात. तीन-चार पिढ्यांपूर्वी ग्रामोफोनवरील गाण्याकडे पाहूनही कोणी अशीच मान फिरविली नसेल, असे खात्रीने सांगता येणार नाही.

दोन्ही गाण्यांतील साम्य लक्षणीय आहे. येथेही स्त्री आपल्या प्रियकराला उद्देशून बोलते; येथेही शब्द पुरुषाचे आहेत आणि मुख्य आवाजही पुरुषाचा आहे. भेदही तितकाच बोलका आहे. ‘शीळ’मध्ये कवी आणि गायक वेगळे झाले होते, ‘गुलाबी साडी’मध्ये शब्द, चाल आणि गायन पुन्हा एका व्यक्तीकडे आले आणि जी-स्पार्क या नावाने संगीत संयोजन करणारा त्याचा भाऊच सोबतीला होता. ध्वनिमुद्रणासाठी कोणत्या कंपनीच्या निवडीची वाट पाहावी लागली नाही. ‘शीळ’ची नायिका जगाला ऐकू जाईल अशा सादेने सुखावते आणि संकोचतेही, ‘गुलाबी साडी’ची नायिका आपले छायाचित्र काढण्यास सांगते. ऐकू जाण्याच्या संकोचापासून दिसण्याच्या इच्छेपर्यंत हे अंतर आहे. या दुसऱ्या गाण्याने आपला स्वीकार कसा व्हावा हेही आपल्या शब्दांतच सांगून ठेवले. असंख्य स्त्रियांनी गुलाबी साडी नेसून स्वतःची चित्रफीत काढली, तेव्हा तबकडीने गाळून टाकलेला देह गाण्यात परत आला आणि श्रोता स्वतःच सादरकर्ता झाला.

मात्र या गाण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याची भाषा कोणत्याही शहरात सहज चालेल अशी सरळ मराठी आहे. गायक या भागातील असला तरी आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडची तावडी वा वऱ्हाडी त्यात नाही. ‘शीळ’मधील संबोधनाला ज्या मातीचा वास आहे, तो येथे शोधावा लागतो. संधी गावापर्यंत पोहोचली. बोली मात्र अद्याप वाट पाहते आहे.

निष्कर्ष :

१. ‘शीळ’ची ध्वनिमुद्रिका ही छापील कवितेची दुय्यम आवृत्ती नसून तिचा रसिकांपर्यंत पोहोचलेला पहिला व्यापक पाठ आहे. तिचा अभ्यास पाठ म्हणूनच व्हावयास हवा.

२. भावगीताच्या मृदू स्वराची घडण कवीची प्रतिभा, तीन मिनिटांची तबकडी आणि मायक्रोफोन या तिहींच्या संयोगातून झाली आहे.

३. स्त्रीचा उद्गार पुरुषाने गाण्याची परंपरा विरहिणी-लावणीपासून आजच्या गाण्यापर्यंत चालू आहे. छापील पाठात ती दिसत नाही. ध्वनीत ती तात्काळ जाणवते.

४. पहिल्या मोठ्या यशाने गायकाला वाट मिळते, पण कवीची इतर निर्मिती झाकली जाण्याचा धोका असतो. देशपांडे यांच्या उत्तरकालीन कवितेचे पुनर्वाचन त्यासाठी आवश्यक आहे.

५. अभ्यासक्रमात कवितेसोबत तिच्या ध्वनिमुद्रणाच्या श्रवणालाही स्थान मिळावे. मागच्या बाकावरून आलेला तो प्रश्न पुस्तक वाचून आला नव्हता, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.