वेष, चिलखत आणि बरवासागरची स्वारी

कल्पनारम्य व्हिडिओ गेममधील पात्रांच्या पोशाखाविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : हे चिलखत खऱ्या तलवारीचा वार अडवील काय? स्त्रीपात्रांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पुरुष योद्धा गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडात मढवलेला आणि त्याच्या शेजारची योद्धी मात्र पोट व मांड्या उघड्या ठेवून लढणारी, हा भेद अनेक खेळांत सर्रास आढळतो. त्यावरील आक्षेप रास्तच आहे. परंतु या आक्षेपातून वास्तव आणि शैली अशी जी सरळ फाळणी केली जाते, ती कितपत टिकते हे तपासणे आवश्यक वाटते. त्यासाठी मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे आहे. कारण त्यांच्या पोशाखाची समकालीन वर्णने मराठीत उपलब्ध आहेत आणि त्यांची प्रतिमा पुतळा, चित्रपट, मालिका असा प्रवास करीत आता परदेशी व्हिडिओ गेमपर्यंत पोहोचली आहे.

प्रथम खेळाच्या घडणीकडे पाहू. बहुतेक भूमिकाप्रधान खेळांत चिलखताचे संरक्षण हा एक आकडा असतो. वार झाला की संगणक तो आकडा पाहतो, चित्र पाहत नाही. पोलादी पत्रा आणि रेशमी पट्टी यांना समान आकडा दिला की दोन्ही सारखेच ‘मजबूत’ ठरतात. चित्र अशा रीतीने कार्यापासून सुटे झाले की ते शोभेच्या, आणि पुढे विक्रीच्या, ताब्यात जाते. विनामूल्य खेळता येणाऱ्या कितीतरी खेळांचे उत्पन्न केवळ नवनवे पोशाख विकण्यावर चालते. त्या पोशाखांनी लढण्याची ताकद तसूभरही वाढत नाही, पात्र वेगळे दिसते इतकेच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या चेक खेळाने उलट वाट धरली. त्यात १४०३ मधील बोहेमियाचे वातावरण आहे. खाली जाड शिवलेला अंगरखा, त्यावर कड्यांचे जाळे, त्यावर पत्रा असे थर खेळाडूला स्वतः चढवावे लागतात. चिलखताचा आवाज होतो आणि मळलेल्या, रक्ताळलेल्या कपड्यांनिशी कोणाशी बोलायला गेले तर त्याचा परिणाम संभाषणावर होतो. या खेळाचे वास्तव पत्र्याच्या जाडीत आहे असे समजणे ही त्याची अर्धीच समज होय. पोशाख पाहणाऱ्याच्या वर्तनात फरक पाडतो, ही त्यातील अधिक मोलाची गोष्ट आहे.

मराठीत या प्रश्नाचा एक भाषिक पुरावाच शिल्लक आहे. ‘जिरेटोप’ या शब्दातील ‘जिरे’ म्हणजे फार्सी ‘जिरह’, अर्थात लोखंडी कड्यांचे जाळे. मुळात हे युद्धातील शिरस्त्राण. आज हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येतो तो मोत्यांच्या लडी लावलेला, चित्रांतला आणि मिरवणुकीतला देखणा टोप. लोखंड गेले आणि डौल उरला. सभासद बखरीत अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगी (१६५९) महाराजांच्या अंगी ‘जरीची कुडती’ होती असे म्हटले आहे, आणि खानाचे शस्त्र तिच्यावर खरखरल्याचेही. कलाबतूच्या कापडावर पोलाद खरखरत नाही. तेव्हा ही ‘जरी’ सोन्याच्या तारेची नसून ‘जिरह’ची असावी, असे आमचे मत आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात मात्र भरजरी वस्त्रच उभे राहते. शैली वास्तवाला कशी गिळते हे पाहण्यासाठी परदेशी खेळाकडे जाण्याचीही गरज नाही, इतका हा नमुना बोलका आहे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. १८५८ च्या झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष शहरात असलेले वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये समोर आणली. गोडसे हे पोशाखाचे आस्थेवाईक निरीक्षक आहेत. दरबाराच्या वेळी बाईसाहेब कधी पुरुषी वेष करीत : पायजमा, अंगात बंडी, डोक्यास टोपी व त्यावर पागोटे, कमरेला तलवार. कधी स्त्रीवेष असे; तेव्हा पांढरे पातळ आणि मोजके दागिने, कारण त्या विधवा होत्या. झाशी सोडताना पायजमा, बूट आणि अंगावर कड्यांचे चिलखत; पाठीशी मुलगा बांधलेला, आणि जवळ पैसा नसला तरी रुप्याचा एक पेला. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी गोडश्यांना त्या पुन्हा भेटल्या, तेव्हा अंगावर पठाणी पोशाख होता आणि सर्वांग धुळीने माखलेले होते.

एकाच व्यक्तीचे हे चार वेष आहेत. प्रत्येकामागे एक काम आहे आणि एक पाहणारा आहे. दरबारी मानकऱ्यांपुढे सत्ता दिसली पाहिजे, घरच्या व धर्माच्या मर्यादेत वैधव्य दिसले पाहिजे, तट सोडताना शरीर वाचले पाहिजे, आणि रस्त्यावर तर आपण कोण आहोत हे दिसताच कामा नये. चिलखत यांपैकी एकाच प्रसंगी येते, आणि तेही पळून जाण्याच्या. वास्तवाची बाजू घेणारे आक्षेपक राणीला कायम चिलखतात पाहू इच्छितात. त्यांचेही वास्तव तितकेच अपुरे आहे.

जॉन लँग या ऑस्ट्रेलियन वकिलाने १८५४ मध्ये राणींची भेट घेतली होती. पडद्याआड बसलेल्या राणींचे क्षणभर दर्शन घडले, एवढ्यावर त्याने साध्या पांढऱ्या मलमलीतून जाणवणारा देहाकार नोंदवला. स्त्रीपात्राच्या कपड्याकडे पाहता पाहता शरीराकडे वळणारी ही दृष्टी गेमच्या चित्रकारांनी शोधून काढलेली नाही, ती बरीच जुनी आहे. गोडसे आणि लँग दोघेही साधे पांढरे वस्त्रच पाहतात. एकाला त्यात मर्यादा दिसते, दुसऱ्याला बांधा.

पुढच्या प्रतिमांनी हे चारही वेष गाळून पाचवाच तयार केला. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, भरजरी पातळ किंवा चकचकीत पत्रा, आणि पाठीवर लहानगे मूल. दामोदरराव दत्तक घेतले गेले १८५३ मध्ये; १८५८ मध्ये ते आठ-नऊ वर्षांचे असावेत, गोडसे तर बारा वर्षे सांगतात. एवढा मुलगा पाठीशी बांधून घोडा फेकणे हे पुतळ्यातील बाळापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, परंतु शिल्पाच्या तोलाला बाळच सोयीचे. सोहराब मोदी यांच्या १९५३ च्या टेक्निकलर ‘झाँसी की रानी’पासून २०१९ च्या ‘मणिकर्णिका’पर्यंत रंग आणि धातू यांची झळाळी वाढतच गेली. विधवेचे पांढरे पातळ मात्र पडद्याला कधीच पुरेसे ‘शूर’ वाटले नाही.

‘फेट/ग्रँड ऑर्डर’ हा जपानी मोबाइल गेम २०१५ पासून चालू आहे. त्याच्या ‘युगक्षेत्र’ या २०१९ मधील प्रकरणात लक्ष्मीबाई योद्धी म्हणून येतात. तेथे त्यांच्यात अलक्ष्मीचा अंश मिसळलेला आहे, आणि त्यांचा चेहरा त्याच खेळातील जोन ऑफ आर्कच्या धर्तीवर बेतलेला आहे. राणींना भारताची जोन म्हणण्याची इंग्रजी वळणाची उपमा येथे शब्दशः मुखवटा होऊन बसली आहे. या पात्रावर टीका करताना त्याचे कपडे किती, हे मोजण्यात आम्हाला स्वारस्य नाही. अलक्ष्मीची कल्पना तर खरोखर विचारप्रवर्तक आहे : राज्य गमावलेल्या राणीच्या नावातच लक्ष्मी आहे, हा विरोधाभास आमच्या चरित्रकारांनाही फारसा सुचला नव्हता. मात्र चेहराच उसना असल्यावर वेषाला सांगण्यासारखे काही उरत नाही. पोशाख येथे ओळख पटवण्याचे चिन्ह होतो, आणि ते चिन्ह त्या खेळाच्या अन्य शेकडो चिन्हांच्या मापाने कापलेले असते.

याचा अर्थ शैली टाकून द्यावी असा नव्हे. वेरूळच्या कैलास लेण्यातील महिषासुरमर्दिनीच्या अंगावर चिलखत नाही, दागिने आहेत. तरी ती लढते यावर कोणी शंका घेत नाही, कारण तिच्या संरक्षणाचा प्रश्न त्या कलेत उपस्थितच होत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ काढला, तो याच परंपरेच्या जवळचा. त्यातील राजी ही डोंबारी खेळ करणाऱ्यांतली मुलगी. भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे हीच तिची लढण्याची रीत, आणि हाती दुर्गेचा त्रिशूळ. तिला पोलादी चिलखत घातले असते तर ते अधिक ‘वास्तव’ न ठरता अधिक खोटे ठरले असते. तिचा वेष तिच्या धंद्यातून आला आहे, म्हणून तो पटतो.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असा धंद्यातून आलेला वेष शोधायचा तर झाशीहून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवरील बरुआसागरकडे पाहावे लागते. गोडश्यांचे हे बरवासागर. बेतवेजवळचे हे गाव, ओरछाच्या राजाने बांधलेला विस्तीर्ण तलाव, त्यावर नजर ठेवणारा किल्ला, आणि जवळच जराई का मठ हे प्रतिहारकालीन मंदिर. १८५७ नंतरच्या त्या काही महिन्यांच्या कारभारात या बाजूला चोरांचा उपद्रव वाढला, तेव्हा बाईसाहेब स्वतः तेथे जाऊन पंधरा दिवस राहिल्या व त्यांनी बंदोबस्त केला, असे गोडसे सांगतात. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत हाच प्रसंग सागरसिंह या दरोडेखोराच्या निमित्ताने रंगवला आहे.

चित्रकार, दिग्दर्शक, गेमकार यांपैकी बहुतेकांनी वेढा आणि अखेरची लढाई निवडली. पंधरा दिवसांची ही पोलिसी स्वारी कोणाला फारशी आकर्षक वाटली नाही. तीत जयघोष नाही. तळ आहे, चौकशी आहे, रानातून माग काढणे आहे, शिक्षा आहे. दिवसचे दिवस घोड्यावर बसावे लागत असेल, तर पायजमा आणि बूट स्वाभाविक; फिर्याद घेऊन आलेल्या गावकऱ्यांपुढे बसताना मात्र पागोटे व तलवार हवी, म्हणजे निवाडा कोण देते आहे हे दिसेल. रात्री मुक्कामावर पुन्हा पांढरे पातळ. एकाच दिवसात तीनदा वेष बदलावा लागेल, आणि प्रत्येक बदलाने समोरचा माणूस वेगळा वागेल. बोहेमियातील त्या खेळाजवळ यासाठी लागणारे तंत्र आधीच आहे, पुण्याच्या खेळाजवळ हालचालीची समज आहे. बरवासागरच्या मुक्कामात राणींच्या पहिल्या खणात चिलखत ठेवायचे की पांढरे पातळ, एवढे ठरवणे मात्र दोघांनाही अवघड जाईल.