वजन आणि मोल : विद्यापीठीय ई-मेल खात्यातील साठवणजागेच्या व्यवस्थापनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : ई-मेल, क्लाउड साठवण, पत्रव्यवहार, अभिलेख, पाठभेद

प्रस्तावना

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी संगणक विभागाच्या कक्षेतील वाटण्याचा संभव आहे. खात्यातील जागा भरली, ती रिकामी करावी, एवढ्यापुरता तो तसा आहेही. परंतु काय ठेवावे आणि काय टाकावे हा प्रश्न जेथे उद्भवतो, तेथे तो निव्वळ तांत्रिक राहत नाही. मराठीच्या अभ्यासकास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या पत्रांच्या आधारे. ती पत्रे ज्यांच्या घरी होती, त्यांतील अनेकांना ती अडगळच वाटत होती. आज आपल्या खात्यातील जुन्या टपालाकडे आपण याहून निराळ्या दृष्टीने पाहतो काय, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

जागेचे अर्थकारण

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झाले तेव्हा प्रत्येकास १ जीबी जागा देण्यात आली. त्या काळी इतर सेवा काही एमबीच देत असत. आता टपाल पुसण्याची गरजच उरणार नाही, असा त्या सेवेचा डौल होता. पुढे शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण मिळाली आणि महाविद्यालयांनीही ती हात सैल सोडून वापरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ही अमर्यादता संपत असल्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून जुन्या संस्थांनाही संपूर्ण संस्था मिळून १०० टेराबाइटची मर्यादा लागू झाली. त्याहून अधिक हवे असल्यास पैसे मोजावे लागतात. आकडा मोठा वाटतो खरा. परंतु एखाद्या विद्यापीठात वीस हजार खाती असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी पाचच जीबी येतात. कोणत्याही व्यक्तीस खासगी खात्यात विनामूल्य मिळणारी जागा १५ जीबी आहे. मायक्रोसॉफ्टनेही शिक्षणसंस्थांच्या बाबतीत पुढे हाच मार्ग धरला.

फुकट मिळालेली वस्तू परत गेली म्हणून तक्रार करणे शोभणारे नाही. आक्षेप तेथे नाहीच. आक्षेप आहे तो त्यानंतर संस्थासंस्थांतून निघालेल्या सूचनापत्रांबद्दल. त्यांचा आशय सर्वत्र जवळपास एकच असतो : १० एमबीहून मोठ्या टपालाची यादी काढा, जुने ते पुसा, कचरापेटी रिकामी करा (तीस दिवस वाट पाहू नका, कारण तोवर तेथील मजकूरही जागा अडवतो), आणि यापुढे फाइल जोडू नका, दुवा पाठवा. सल्ले व्यवहार्य आहेत. प्रस्तुत लेखिकेनेही ते पाळले आहेत. तथापि त्यांतील एकही सल्ला मजकूर वाचण्यास सांगत नाही.

वजन आणि मोल

युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साधारणतः तीन बाइट घेते. हजार शब्दांचे मराठी पत्र साध्या मजकुराच्या रूपात सुमारे वीस केबीचे होते. अशी दहा हजार पत्रे ठेवली तरी २०० एमबीच्या आसपासच जागा लागेल. एका तासाच्या व्याख्यानाचे चलचित्र एकटेच याहून अधिक जागा सहज घेते. म्हणजे भाषा विभागातील सर्व प्राध्यापकांचा आयुष्यभराचा लेखी संवाद एका स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणात बुडून जाईल. मग जागा खाते कोण? नॅकच्या पुराव्यांसाठी काढलेली स्थानांकित छायाचित्रे, एकाच परिपत्रकाच्या पंधरा जणांना पाठविलेल्या पंधरा प्रती, आणि पानेच्या पाने छायाप्रतीच्या रूपात जोडलेले प्रबंध.

या शेवटच्या बाबीत मराठीचे एक विशेष दुखणे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा निरनिराळ्या फॉन्टांत लिहीत होतो. त्या फाइली आज फॉन्टविना उघडल्या तर रोमन अक्षरांची रांगोळी दिसते, आणि खात्यातील शोधसुविधेस त्यांतील एकही मराठी शब्द सापडत नाही. यावर अनेकांनी उपाय केला तो मजकूर छापून, त्याची छायाप्रत काढून ती पाठविण्याचा. त्यामुळे आपला जुना मजकूर एक तर हलका पण अवाच्य आहे, किंवा वाच्य पण वजनदार. आकारानुसार यादी काढली की वाच्य तेवढाच प्रथम वर येतो.

कागदाच्या बाबतीत आपली कार्यालये अधिक शहाणी आहेत, असे म्हणावे लागते. अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्गीकरण कोणत्याही जुन्या मुख्य लिपिकास तोंडपाठ असते : 'अ' वर्ग कायम जतन करावयाचा, 'ड' वर्ग वर्षभराने नष्ट करावयाचा. त्यात विषय पाहिला जातो, कागदाचे वजन नव्हे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तर संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही अभिलेखाच्या व्याख्येत समावेश केला आहे. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंड संपादिले. त्या निवडीवर आजही टीका होऊ शकते, कारण ती एका वाचणाऱ्या माणसाने केलेली निवड होती. आकाराच्या चाळणीने केलेल्या निवडीवर टीका तरी कशी करावी?

मालकीचा प्रश्न

फाइल न जोडता दुवा पाठविण्याचा सल्ला सर्वांत निरुपद्रवी वाटतो. माझ्या मते तोच सर्वाधिक दूरगामी आहे.

जी. ए. कुलकर्णी यांनी सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे 'जी. एं.ची निवडक पत्रे' या मालेतून वाचकांपर्यंत आली. सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.'मधून आली. हा पत्रव्यवहार आपल्यास उपलब्ध झाला, कारण पत्र ज्याला येते त्याच्या घरी राहते. लिहिणारा गेला तरी ते नाहीसे होत नाही. साध्या ई-मेलनेही हा गुण टिकविला होता : पाठविणाऱ्याचे खाते बंद झाले तरी आलेले टपाल आपल्यापाशी उरते. दुव्याचे तसे नाही. दुवा ज्याला मिळाला त्याच्याकडे मजकूर नसतो, मजकूर पाहण्याची परवानगी तेवढी असते. मूळ फाइल मालकाच्या खात्यात राहते, आणि ते खाते पुसले गेले की सर्वांचीच परवानगी निरर्थक होते. जीमेलमध्ये २५ एमबीहून मोठी फाइल जोडता येत नसल्याने तिचा दुवाच जातो, हे येथे लक्षात घ्यावे. म्हणजे जे मोठे आणि बहुधा परिश्रमाचे, तेच परावलंबी होते.

याचा अनुभव आमच्या विभागास आला. परिसरातील गावांतून विद्यार्थिनींनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. ध्वनिमुद्रणे एका सामाईक फोल्डरमध्ये आणि त्यांचे लिप्यंतर एका सामाईक दस्तऐवजात, अशी योजना होती. दस्तऐवज एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या नावावर होता. एकच ओवी तीन गावांत कशी बदलते, 'बंधू'च्या जागी 'दीर' कोठे येतो, याविषयीच्या त्यांच्या टिपा समासात होत्या. ते निवृत्त झाले. काही महिन्यांनी नियमानुसार त्यांचे खाते बंद झाले. विभागाकडे उरली ती एका विद्यार्थिनीने परीक्षेसाठी उतरवून घेतलेली प्रत. तिच्यात ओव्या आहेत, टिपा नाहीत; कारण प्रत करताना टिपाही घ्यावयाच्या असतील तर तसे स्वतंत्रपणे निवडावे लागते, आणि आवृत्त्यांचा इतिहास तर नव्या प्रतीत येतच नाही. पाठभेदांविषयीच्या कामाचेच पाठ नाहीसे झाले. ध्वनिमुद्रणे त्याआधीच, जागा करण्याच्या मोहिमेत, गेली होती. मध्यम प्रतीच्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणास सुमारे ५८ एमबी लागतात. आमची एकूण दहा-बारा तासांची असतील.

यात कोणा एकाचा दोष दाखविता येत नाही. सहकाऱ्यांना खाते बंद होणार याची सूचना मिळाली होती. तिच्यात 'वैयक्तिक माहिती' उतरवून घ्या, असे म्हटले होते. आणि ओव्यांचा संग्रह त्यांनी कधीच वैयक्तिक मानला नव्हता. संस्थेच्या खात्यातील फाइलीची मालकी बाहेरच्या खासगी खात्याकडे सोपविता येत नाही. संस्थेतल्या दुसऱ्या खात्याकडे मात्र ती सोपविता येते. त्यास दोन मिनिटे पुरली असती. ते कोणाचे काम, हे ठरलेले नव्हते.

येथे शोधगंगेचा दाखला देऊन समाधान मानण्याकडे आपला कल असतो. प्रबंध तेथे जमा होतात, हे योग्यच आहे. परंतु प्रबंध हे छापील पुस्तकासारखे, पूर्ण झालेले रूप आहे. मार्गदर्शकाने कोणते प्रकरण तीनदा परत पाठविले आणि का, हे तेथे असत नाही. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह घेतला, त्यात सुमारे ४० हजार ई-मेल होते. एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे संगणकही जतन केले आणि २०१० मध्ये तो संग्रह अभ्यासकांना खुला केला. आपल्याकडे लेखकाची गोष्ट सोडा, विभागाचे टपालही कोणी मागत नाही.

निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या 'नो ड्यूज' कागदावर ग्रंथपालाची सही लागते, क्रीडा विभागाची लागते, प्रयोगशाळेची लागते. पुस्तक एक जरी बाकी असेल तरी दाखला अडतो. त्या कागदावर सामाईक दस्तऐवजांच्या हस्तांतरासाठी आणखी एक रकाना असावा, अशी लेखी विनंती आमच्या विभागाने केली आहे. ती अद्याप विचाराधीन आहे. दरम्यान दोन माजी विद्यार्थिनींच्या जुन्या भ्रमणध्वनींत काही ध्वनिमुद्रणे सापडली. सुमारे चाळीस ओव्या ऐकू येतात. सहकाऱ्यांना आम्ही त्या ऐकविल्या, तेव्हा टिपांपैकी जेवढे आठवले तेवढे त्यांनी पुन्हा सांगितले. या खेपेस ते वहीत उतरवून घेतले आहे.