राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’

मराठी रसिकांच्या मनात राजा परांजपे हे नाव हास्याशी जोडले गेले आहे. ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ ही दोन्ही चित्रे १९५२ सालची. त्यांची नुसती आठवण निघाली तरी वृद्धांच्या मुद्रेवर स्मित उमटते. परांजपे, माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीने मराठी बोलपटास जो प्रसन्न काळ दाखविला, त्याचे ऋण कोण नाकारील? परंतु त्याच राजाभाऊंनी १९६४ साली ‘पाठलाग’ हे रहस्यचित्र काढले, त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले, आणि इतके होऊनही त्यांची गणना रहस्यप्रधान चित्रांच्या श्रेष्ठ दिग्दर्शकांत करावी असे आपल्या टीकाकारांस वाटले नाही. याचे कारण उघड आहे. रहस्यकथा ही आपल्या सुशिक्षित घरांतून चोरून वाचावयाची वस्तू होती. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचली जात, आणि वाचनाबद्दल बोलण्याची वेळ आली की नाव मात्र खांडेकर-फडक्यांचे घेतले जाई. चित्रपटांच्या बाबतीतही आपण तोच ढोंगीपणा चालविला.

परांजपे यांचा जन्म १९१० साली मिरजेस झाला व १९७९ साली पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, १९८० च्या एप्रिलमध्ये, आल्फ्रेड हिचकॉक वारला. या दोघांची तुलना कित्येकांस धाडसाची वाटेल. एकामागे हॉलिवूडची सारी सामग्री उभी. दुसऱ्यास प्रत्येक चित्रासाठी पैशाची तोंडमिळवणी करणाऱ्या मराठी धंद्यात काम करावयाचे. तथापि कलेतील प्रश्न पैशाने सुटत नसतात, आणि या दोघांपुढील प्रश्न एकच होता: प्रेक्षकास काय सांगावे, आणि केव्हा सांगावे?

हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशी केलेल्या प्रसिद्ध संभाषणात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. मेजाखाली बाँब आहे हे कोणासच ठाऊक नसताना तो फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तेच तो तेथे असल्याचे प्रेक्षकास ठाऊक असून मेजाभोवतीची माणसे मात्र निश्चिंतपणे गप्पा मारीत असली, तर तीच क्षुल्लक वाक्ये असह्य होतात. पहिला प्रकार आश्चर्याचा, दुसरा उत्कंठेचा. या कसोटीवर पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. परांजपे यांनी उत्कंठेचे तंत्र आत्मसात केले ते ‘पाठलाग’मध्ये नव्हे, बारा वर्षे आधी, ‘लाखाची गोष्ट’मध्येच! दोन कफल्लक कलावंतांना ठराविक मुदतीत एक लाख रुपये खर्चून दाखवावयाचे आहेत. अट प्रेक्षकास ठाऊक आहे, मुदत ठाऊक आहे, आणि पैसा काही केल्या संपत नाही. मेजाखालचा बाँब हाच. त्यास हास्याची वात लावली आहे इतकेच. ज्याने हे साधले त्यास रहस्यचित्र काढण्यास नवे काय शिकावयाचे होते?

जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या ‘पाठलाग’चे कथानक थोडक्यात असे. एका वकिलाची पत्नी वारते. त्याच्या डोळ्यांदेखत तिचा अंत झालेला असतो. पुढे पोलीस एका स्त्रीस गुन्ह्याच्या आरोपावरून पकडतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते आणि मीच ती पत्नी असे सांगते. वकील ते नाकारतो. भर न्यायालयात ती स्त्री नवराबायकोंवाचून तिसऱ्यास ठाऊक नसाव्यात अशा संसारातील गोष्टी बोलू लागते, आणि त्याची खात्री डळमळू लागते. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर असलेले यातील गीत तर चित्रपट न पाहिलेल्यांच्याही ओठी आहे.

हिचकॉकचे ‘व्हर्टिगो’ (१९५८) ज्यांनी पाहिले असेल त्यांस येथे त्याची उलटी प्रतिमा दिसेल. तेथे पुरुष म्हणतो, तू तीच. आणि स्त्री म्हणते, मी ती नव्हे. येथे स्त्री आपली ओळख पटवू पाहते आणि पुरुष ती झिडकारतो. पण आपणांस इतक्या दूर जावयाचे कारण नाही. राजसभेत उभी राहिलेली शकुंतला आणि तिला न ओळखणारा दुष्यंत हा प्रसंग आपल्या रक्तातच आहे. परांजपे यांनी सभेच्या जागी न्यायालय आणले आणि अंगठीच्या जागी संसारातील आठवणी. शिवाय त्यांचा नायक स्वतःच वकील. उलटतपासणी हे ज्याचे पोटापाण्याचे साधन, त्याने ते आपल्या शेजघरावर चालवावे, यातील क्रौर्य मला कोणत्याही खुनाच्या दृश्याहून अधिक वाटते.

आता माझा आक्षेप. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखून नाकारतो, लोकापवादाच्या भयाने. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये घालून त्यास दोषमुक्त केले. ‘पाठलाग’च्या अखेरीस होणारा उलगडा हेच शापाचे काम करतो, पतीच्या वर्तनास तो एक सबब पुरवितो. (यावरून चतुर वाचकांनी रहस्याचा तर्क केला असल्यास माझा इलाज नाही.) हिचकॉकने ‘व्हर्टिगो’त आपले गुपित शेवटाच्या बरेच आधी फोडले, आणि पुढील सारा भाग कुतूहलाऐवजी वेदनेने पाहावयास लावला. परांजपे यांनी ते धैर्य केले असते तर? प्रेक्षकाची करमणूक कदाचित कमी झाली असती, पण त्या वकिलाकडे पाहणे आपणांस जड गेले असते.

चित्राचा प्रभाव मात्र मोठा. १९६५ साली तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आणि १९६६ साली हिंदीत राज खोसला यांचे ‘मेरा साया’ त्यावरून निघाले. खोसला हे गुरुदत्तांच्या हाताखाली तयार झालेले कसबी दिग्दर्शक. साधनाचे सौंदर्य आणि मदनमोहनचे संगीत यांस तोड नाही. परंतु वकिलाचा ठाकूर झाला, घराचा महाल झाला आणि बरेलीच्या बाजारातील झुमक्याने कथेहून अधिक कीर्ती मिळविली. मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत जो संशय कोंडून गुदमरवितो, तो एवढ्या मोठ्या महालात, रंगीत चित्रात, विरून जातो. नावातही फरक पडला. ‘साया’ हा सोबत करणारा असतो. ‘पाठलाग’ टाळू म्हणता टळत नाही.

माझ्या पिढीने ‘मेरा साया’ आधी पाहिला, तोही दूरदर्शनवर, आणि मूळ मराठी चित्राची गाठ पुढे पडली. गेल्या वर्षी भिंगारच्या घरी आम्ही सर्वांनी मिळून ‘पाठलाग’ पाहिला. ऐंशी उलटलेल्या माझ्या आत्याने तो नव्याने लागला तेव्हाच पाहिलेला. मुलींनी तिला शेवट काय ते सांग म्हणून छळले. “पाहा मुकाट्याने,” याखेरीज तिने काही सांगितले नाही. न्यायालयाचा प्रसंग आला. मुली ही खरी की खोटी याच्या पैजा मारू लागल्या, मी दिग्दर्शकाच्या युक्त्या हेरीत बसलो, आणि आत्याने पदर डोळ्यांस लावला. आम्हां सर्वांत मेजाखालचा बाँब तिला एकटीला दिसत होता.