काळी रेघ आणि भोवतीचे कण

अमूर्त चित्रकला म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असे आपल्या चळवळीत सर्रास म्हटले जाते. मीही तसेच म्हणत आलो. झरीना यांचे ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे मुद्राचित्र पाहिल्यावर मात्र ही भूमिका मला तपासून घ्यावी लागली.

या चित्रात माणूस नाही, घर नाही, रंग नाही. पांढरट कागदावर वेडीवाकडी गेलेली एक काळी रेघ, एवढेच. ही रेघ १९४७ च्या फाळणीची आहे. रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले आणि १७ ऑगस्टला रेघ जाहीर झाली. झरीना तेव्हा अलीगढमध्ये दहा वर्षांच्या होत्या. पुढे त्या तिथेच गणित शिकल्या. १९५९ मध्ये त्यांचे कुटुंब कराचीला गेले.

लाकडी ठशात जे कोरले जाते ते पांढरे राहते. जे उरते त्याला शाई लागते. म्हणजे ही रेघ कोरलेली नाही. ती उभी राहावी म्हणून भोवतीचे लाकूड खरवडून काढले आहे. रेघ शाबूत, जमीन सोललेली! चित्राचा आशय असा हत्याराच्या कामातूनच व्यक्त होतो.

तरीही एक प्रश्न उरतो. चित्रात रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच रिकाम्या आहेत. प्रत्यक्षात ही रेघ सर्वांना सारखी होती काय? १८ डिसेंबर १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली की, पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना देश सोडू देत नाही. कारण सफाईची हलकी कामे करायला त्याला माणसे हवी आहेत. इतरांना जी सरहद्द होती, ती यांच्यासाठी जातीची भिंत झाली.

रेघेभोवती हत्यारातून सुटलेले बारीक काळे कण आहेत. त्यांत मला ही अडकलेली माणसे दिसतात. झरीना यांना हेच अभिप्रेत होते, असा माझा दावा नाही. परंतु गावकुसाची रेघ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली, त्यांनी या चित्रापुढे प्रस्थापित समीक्षकाचे डोळे उसने का घ्यावेत? अमूर्ताला नकार जरूर द्यावा. पण आधी ते आपल्या अनुभवाने वाचून पाहावे.