शर्यत, चित्रपट आणि पाणके

सायकल-शर्यतीचा नाद आणि चांगल्या चित्रपटांचा नाद हे दोन नाद एकाच माणसाच्या ठिकाणीं आढळावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटण्यासारखी आहे. एक नाद पायांचा, दुसरा डोळ्यांचा. एकांत माणूस भर उन्हांत घाम गाळतो, दुसऱ्यांत अंधारांत स्वस्थ बसतो. तथापि सायकल-शर्यतीवर जे मोजके उत्तम चित्रपट झाले आहेत, त्यांतील एकाचा कर्ता असा दुहेरी नादी होता, आणि दुसऱ्याचा तर नायकच तसा आहे. या दोन चित्रपटांचा थोड्या विस्तारानें आणि आणखी दोहोंचा ओझरता विचार येथें करावा, असा आमचा हेतु आहे.

अशा माणसास आपण 'हौशी' म्हणतों, आणि हा शब्द आपल्याकडे जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. हौशी नट म्हणजे नक्कल पाठ नसलेला नट, हौशी गवई म्हणजे शेजाऱ्यांना चुकवितां न येणारा गवई, असा कांहींसा अर्थ रूढ झाला आहे. वास्तविक ज्या इंग्रजी शब्दाच्या बदली आपण तो वापरतों, तो लॅटिन भाषेंतील 'प्रेम करणें' या धातूपासून आला. आणि आपली 'हौस' फारसीच्या वाटेनें अरबींतून आली, तिचा मूळ अर्थ तीव्र वासना. दोहोंच्याहि मुळाशीं कसबाच्या उणीवेचा ध्वनि नाहीं. उत्कटतेचा आहे.

आमच्या साहित्यशास्त्रानें याच उत्कटतेला फार मोठें स्थान दिलें आहे. भरतानें वीररसाचा स्थायीभाव म्हणून जय सांगितलेला नाहीं, उत्साह सांगितला आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे शर्यतीवरील बहुतेक चित्रपट कां फसतात, याचा उलगडा होतो. ते जयाच्या मागें धांवतात. शेवटची फीत छातीवर तुटली कीं वाद्यांचा गजर करावयाचा, एवढेंच त्यांना ठाऊक असतें. परंतु त्याच शास्त्रानें वीररस हा उत्तम प्रकृतीच्या पात्राचा म्हणून ठरविला आहे, आणि येथें मात्र आम्हांस शास्त्राशीं वाद घालावासा वाटतो. तो वाद सायकलच्या शर्यतीइतका स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याहि खेळांत उभा राहत नाहीं.

कारण या शर्यतीचें मर्म वाऱ्यांत आहे. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति समोरची हवा कापण्यांत खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून जाणारा दुसरा स्वार त्याच वेगानें जात असूनहि सुमारें एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश श्रम वांचवितो. उलट्या वाऱ्यांत मित्राच्या पाठीआड सायकल घालणाऱ्या पुण्यांतील शाळकरी मुलालाहि हें पदार्थविज्ञान पुस्तकाशिवाय कळतें. या एका नियमांतून शर्यतीची सारी समाजरचना उत्पन्न झाली आहे. जो पुढें राहतो तो झिजतो. जो मागें राहतो तो दुसऱ्याच्या झिजण्यावर आपली शक्ति राखून ठेवतो. म्हणून प्रत्येक संघांत एक नायक आणि बाकीचे त्याचे सेवक. वारा अडवावयाचा त्यांनीं, नायकाचें चाक फुटलें तर आपलें काढून द्यावयाचें त्यांनीं, मागें राहिलेल्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगरख्यांत कोंबून पुन्हां पुढें यावयाचेंहि त्यांनींच. त्यांचें नांव दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत शोधावें तर तें यादीच्या तळाशीं.

डेन्मार्कचे कवि आणि चित्रपटकार योर्गेन लेथ यांनीं हें वर्म नेमकें ओळखलें. १९७३ च्या इटलीच्या महाशर्यतीवर त्यांनीं जो चित्रपट केला, त्याचें नांवच मुळीं 'तारे आणि पाणके' असें आहे. पाणक्या! आपल्या वाड्यांतून हंडे वाहणारा, सर्वांस ठाऊक असलेला आणि कोणीहि न पाहिलेला जो मनुष्य असे, त्याचें नांव लेथ यांनीं एडी मर्क्ससारख्या दिग्विजयी स्वाराच्या शेजारीं मांडलें. लेथ हे स्वतः व्यावसायिक स्वार नव्हत. डॅनिश दूरदर्शनवर फ्रान्सच्या शर्यतीचें धावतें वर्णन मात्र त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. त्यांची सर्वश्रेष्ठ कृति म्हणजे १९७६ सालचा 'नरकांतील एक रविवार'. पॅरिसच्या उत्तरेकडून निघून बेल्जमच्या सरहद्दीजवळच्या रूबे गांवीं संपणारी ही शर्यत १८९६ पासून चालत आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्यें त्या उद्ध्वस्त प्रदेशांतून वाट पाहण्यास गेलेल्या मंडळींनीं जें दृश्य पाहिलें, त्यावरून तिला 'उत्तरेचा नरक' हें नांव पडलें. शेतांमधल्या ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून स्वारांचीं हाडें खिळखिळीं करणारा तो मार्ग तें नांव आजहि सार्थ करतो.

लेथ यांचा चित्रपट एका यंत्राच्या पूजेपासून सुरू होतो. पूजा हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजतों. एक कारागीर सायकलीचा एकेक भाग पुसतो, साखळी न्याहाळतो, चाक फिरवून पाहतो. आणि कॅमेरा इतक्या जवळून व इतक्या सावकाश पाहतो कीं शर्यत पाहण्यास आलेल्या अधीर प्रेक्षकास चुळबुळ सुरू करावी लागते. ही चुळबुळ लेथ यांना हवीच आहे. पुढें जें घडणार तें यंत्राच्या आणि हाडामांसाच्या सहनशक्तीचें मोजमाप आहे, हें त्यांना आधीं सांगावयाचें आहे. मग स्वार येतात. तीन वेळां ही शर्यत जिंकलेला, परंतु आपल्या सायकलीविषयीं कधींच समाधान न पावणारा मर्क्स. मागच्या दोन्ही वर्षांचा विजेता रोजर डे फ्लामिंक. इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर. आणि त्या वसंतांत जोरांत असलेला फ्रेडी मार्टेन्स. वाटेंत एका पॅरिसच्या दैनिकाचे संपावर गेलेले छापखान्यांतील कामगार रस्ता अडवितात. दुसऱ्या कोणीं हा भाग कापून टाकला असता. लेथ तो ठेवतात, कारण ज्या जगांतून शर्यत जाते तें जगहि त्यांना दाखवावयाचें आहे.

त्यांच्यापाशीं कॅमेरे पुष्कळ होते, हेलिकॉप्टरहि होतें. परंतु साधनांची ही श्रीमंती त्यांनीं मिरविली नाहीं. वरून पाहतां धुळीचा एक लांबच लांब लोट शेतांमधून सरकतांना दिसतो, त्यावर शर्यतीचें नांव घोळवून गाणारा गायकवृंद ऐकूं येतो, आणि निवेदक मात्र शांतपणें, जणुं कांहीं पंचांग वाचावें तसा, कोण पुढें आहे व कोण पडला हें सांगत राहतो. गाण्यांत भक्ति आणि बोलण्यांत हिशेब, या दोहोंच्या ओढाताणींतून जो परिणाम होतो, तो नुसत्या वाद्यगजरानें कधींहि साधला नसता. करुणरस आणूं म्हणून येत नाहीं. तो असा कोरड्या हिशेबांतून पाझरतो.

या शर्यतीचा शेवट तर कोण्या नाटककारानें रचावा असा झाला. मार्टेन्स पडला आणि बाहेर गेला. त्याच्या संघांतील मार्क डेमेयर, म्हणजे ज्यानें एरवीं मार्टेन्ससाठीं वारा खावयाचा तो माणूस, पुढच्या चौघांत राहिला. रूबेच्या धावपट्टीवर मोझेर आणि डे फ्लामिंक यांच्यासारखे नामांकित स्वार बरोबर असतांना तो सर्वांच्या पुढें आला आणि पुढेंच राहिला. पाणक्या जिंकला. लेथ यांनीं हें कांहीं घडवून आणलेलें नाहीं. त्यांची थोरवी एवढीच कीं तें घडलें तेव्हां त्याचा अर्थ कळण्याइतकी प्रेक्षकाची तयारी त्यांनीं आधीं करून ठेविली होती. शर्यतीनंतर न्हाणीघराचें दृश्य येतें. सिमेंटच्या अरुंद आडोशांत धुळीनें माखलेले हे वीर उघडे बसलेले आहेत. कोण जिंकला, कोण हरला, हें तेथें अंगावरून ओळखूं येत नाहीं. डेमेयर पुढें १९८२ मध्यें अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारला. हें ठाऊक असणाऱ्यास तें दृश्य पाहणें जड जातें.

लेथ यांच्याहि आधीं, १९६२ मध्यें, लुई माल यांनीं फ्रान्सच्या शर्यतीवर वीस मिनिटांच्या आंतला एक लघुपट केला होता. त्यांत तहानलेले स्वार वाटेवरच्या उपाहारगृहांत घुसून बाटल्या पळवितात, तें दृश्य मोठें गमतीचें आहे. आणि उत्तेजक औषधांनीं भ्रमिष्ट झालेले स्वार दाखवितांना माल यांनीं भीडमुर्वत धरलेली नाहीं, हें विशेष.

आतां कथापटांकडे वळूं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मन्सूर खान यांचा १९९२ चा हिंदी चित्रपट 'जो जीता वही सिकंदर' पाहिला गेलेला असेल. डेहराडूनच्या श्रीमंत व गरीब महाविद्यालयांतील चुरस, उपाहारगृह चालविणारा बाप, कर्तबगार थोरला भाऊ आणि उनाड धाकटा, हा मजकूर त्यांत जिव्हाळ्यानें भरला आहे, आणि तारुण्याचा असा टवटवीतपणा हिंदी पडद्यावर क्वचित् दिसतो. तरीहि शर्यतीचा चित्रपट म्हणून तो आम्हांस उणा वाटतो. त्यांतल्या शेवटच्या शर्यतींत वाराच नाहीं. नायक आणि खलनायक वाटेंत सायकली टाकून गुद्दागुद्दी करतात, इतर स्वार पुढें निघून जातात, आणि मग पुन्हां चढून ते सर्वांना गांठतात! सूड उगविण्यासाठीं रचलेल्या शर्यतींत शर्यतीचे नियम आड येऊन कसे चालतील? चित्रपटाचें नांवच पाहावें: जो जिंकेल तोच सिकंदर. येथें उत्साहाला जयावांचून किंमत उरलेली नाहीं.

ज्या अमेरिकन चित्रपटाशीं या कथेचें साम्य सहज लक्षांत येतें, तो पीटर येट्स यांचा 'ब्रेकिंग अवे' १९७९ मध्यें निघाला. त्याची कथा लिहिणारे स्टीव्ह टेसिच हे युगोस्लाव्हियांतून लहानपणीं अमेरिकेंत आलेले, इंडियाना विद्यापीठांत शिकलेले आणि तेथील सायकल-शर्यतींत स्वतः भाग घेतलेले गृहस्थ. त्यांच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळालें. ब्लूमिंग्टन गांवांतला डेव्ह हा मुलगा इटालियन स्वारांच्या भक्तीनें इतका वेडावला आहे कीं तो घरांत इटालियन बोलतो, गीतें इटालियन गातो आणि मांजराला फेलिनी म्हणून हांक मारतो. शर्यत आणि चित्रपट हे दोन्ही नाद एका मांजराच्या नांवांत बांधून टाकणाऱ्या या लेखकाच्या विनोदास दाद द्यावी तेवढी थोडी! मेंडेल्सनच्या संगीताच्या सोबतीनें तो एका ट्रकच्या आडोशानें ताशीं साठ मैलांचा वेग गांठतो, तें दृश्य हर्षाचें मूर्तिमंत चित्र आहे. (आमच्या तरुण वाचकांनीं तें पडद्यावरच पाहावें, महामार्गावर करूं नये.) पुढें ज्यांची भक्ति केली ते इटालियन स्वार प्रत्यक्ष येतात, आणि हा पोर आपल्या बरोबरीनें येतो असें पाहतांच त्यांतला एक जण त्याच्या चाकांत पंप खुपसून त्याला पाडतो. देव भेटला तो असा.

परंतु या चित्रपटाचें हृदय डेव्हपाशीं नाहीं, त्याच्या बापापाशीं आहे. तो पूर्वीं खाणींत चुनखडीचा दगड कापणारा कारागीर होता. आतां जुन्या मोटारी विकतो. ज्या दगडानें न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत सजली, तो याच प्रदेशांतला. बाप मुलाला सांगतो कीं विद्यापीठाचे दगड आम्हींच कापले, पण इमारती उभ्या राहिल्यावर त्या आपल्यासाठीं नाहींत असें वाटूं लागलें. स्वतः वाहिलेल्या पाण्यावर हक्क सांगण्यास लाजणारा हाहि एक पाणक्याच. म्हणून चार-चार जणांनीं आळीपाळीनें चालवावयाच्या त्या विद्यापीठाच्या शर्यतींत गांवांतले चौघे उतरतात, तेव्हां टेसिच यांनीं केलेली योजना आम्हांस विलक्षण अर्थपूर्ण वाटते. डेव्ह एकटाच फेऱ्या मारीत सुटतो, मग जखमी होतो, आणि ज्यांना सायकलीचें वेड कधीं नव्हतें अशा त्याच्या मित्रांस आळीपाळीनें चढावें लागतें. कोण नायक आणि कोण सेवक, हें तेवढ्या कांहीं फेऱ्यांत विसरलें जातें. त्यानंतर पाय पेडलला चिकटपट्टीनें बांधून डेव्ह पुन्हां चढतो आणि जिंकतो. ही प्रेक्षकांना दिलेली दक्षिणा आहे, आणि ती थोडी कमी दिली असती तरी चाललें असतें. पण त्यानंतरचा प्रसंग सारें भरून काढतो. डेव्ह विद्यापीठांत दाखल होतो, तेथें एक फ्रेंच विद्यार्थिनी भेटते, आणि इटलीचें वेड एका दिवसांत पार मावळतें. बाप आतां स्वतः सायकलवर बसूं लागला आहे. रस्त्यांत त्याला पाहून मुलगा खणखणीत फ्रेंचमध्यें नमस्कार घालतो, आणि म्हातारा चालत्या सायकलवरून मान वळवून पाहतच राहतो.