‘ऑरेगन ट्रेल’मध्ये गोवर कुणाला होतो?

संगणकावर खेळवून सामाजिक शास्त्रं शिकवायची म्हटलं की अमेरिकेतल्या ‘ऑरेगन ट्रेल’चं नाव निघतंच. १९७१ साली मिनेसोटात डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाला आठवीच्या वर्गाला पश्चिमेकडचं स्थलांतर शिकवायचं होतं. दोन मित्रांनी प्रोग्रॅम लिहायला मदत केली. पडदा नव्हताच. टेलिटाइपवर कागद सरकायचा, आणि ‘बँग’ असं झटपट टाइप केलं की शिकार झाली!

खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही, बरं का. रॉविच यांनी पुढे त्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून आजार, अपघात यांच्या शक्यता ठरवल्या. बैल घ्यायचे की धान्य, हे मुलांना ठरवावं लागतं आणि चुकलं तर माणूस दगावतो. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदाला हे जमत नाही.

पण १९८५ ची, शाळाशाळांत पोचलेली आवृत्ती बघा. प्रवास १८४८ चा. वाटेत तुमच्या गाडीतल्या कुणाला तरी गोवर होतो. आता त्याच्या आदल्याच वर्षी याच प्रदेशात, व्हिटमन मिशनच्या आसपास, कायूस लोकांत गोवराची साथ आली होती. गोऱ्यांबरोबर या खंडात आलेला आजार. कायूसांच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. माणसं पटापट गेली. मिशनमधला डॉक्टर आपल्याला मुद्दाम मारतोय असा संशय बळावला, नोव्हेंबरात हल्ला झाला, व्हिटमन पतीपत्नी मारले गेले आणि पुढे युद्ध पेटलं. खेळात मात्र गोवर होतो तो तुमच्या गाडीतल्या माणसांना! शेवटी गुण कशाचे? किती जण जिवंत पोचले, किती सामान उरलं, याचे. जमीन कुणाची होती, याचा एकही गुण नाही.

शिक्षक म्हणतील, अहो, खेळात सगळं थोडंच मावतं? खरंय. पण पुस्तकात गाळलेलं दुसऱ्या पुस्तकात सापडतं. इथे मूल स्वतः निर्णय घेत असतं, म्हणून खेळाचा नियम त्याला जगाचाच नियम वाटतो. २०२१ च्या आवृत्तीसाठी मूळनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेतला, चांगलंच झालं. तरी गाडी पश्चिमेलाच जाते.

मी वर्गावर असतो तर एक तास खेळू दिलं असतं. दुसऱ्या तासाला संगणक बंद, आणि काम एवढंच: कायूस वस्तीच्या बाजूने याच खेळाचे पाच नियम लिहा. गाड्या दिसल्या तर काय करायचं? व्यापार, वाट दाखवणं, की लांबच राहणं? आणि गोवराची शक्यता किती ठेवायची, तीही कुणाच्या रोजनिशीवरून?