रूप खरे, वागणे खोटे

आपल्या विद्यार्थ्यांना प्रवाळभित्तीवरचे जे चारदोन मासे ठाऊक असतात, ते बहुधा चित्रपटांतून भेटलेले असतात. कुरखेड्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेसातशे किलोमीटरांहून दूर आहे. मुंबईच्या सहलीत पूर्वी तारापोरवाला मत्स्यालय दाखवले जाई. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय २०२० साली करोनाच्या साथीत बंद झाले. अशा परिस्थितीत 'फाइंडिंग डोरी' (२०१६) हा चित्रपट वर्गात दाखवला, तर मुलांच्या दृष्टीने तोच समुद्राचा धडा ठरतो. म्हणून पाठ्यपुस्तकाला ज्या कसोट्या आपण लावतो, त्या या चित्रपटालाही लावून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

डोरी म्हणजे निळा टँग, शास्त्रीय नाव पॅराकँथुरस हिपॅटस. टँग हे सर्जन माशांच्या कुळातले. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या चाकूसारखा धारदार काटा असतो, त्यावरून कुळाला हे नाव पडले. डोरीला विसरण्याची खोड आहे. लहानपणी ती कॅलिफोर्नियातील एका मत्स्यालयात आईवडिलांजवळ राहत होती, तेथून पाइपातून वाहून समुद्रात गेली आणि मोठेपणी त्यांच्या शोधात परत येते, ही कथा.

चित्रपटाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. डोरीचा निळा रंग, काळी नक्षी, पिवळी शेपटी पाहून कोणीही जात ओळखू शकेल. ऑक्टोपसचे रंग बदलणे आणि पांढऱ्या बेलुगा व्हेलने प्रतिध्वनीवरून वाट शोधणे यांना खऱ्या जीवशास्त्राचा आधार आहे. हात लावून प्राणी पाहण्याच्या हौदातील प्रसंग तर प्रत्येक सहलीआधी दाखवावा असा आहे. वरून येणारे मुलांचे हात खालच्या जिवांना कसे भासत असतील, हे तेथे शब्दांवाचून कळते.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. रूप इतके काटेकोर असल्यामुळे वागणेही तितकेच खरे असणार, अशी प्रेक्षकाची समजूत होते. आणि तेथेच फसगत आहे.

पहिला मुद्दा कुटुंबाचा. निळ्या टँगची मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यावर शुक्राणू सोडतो आणि दोघे आपल्या वाटेने जातात. एक मिलिमीटरही नसलेली ती अंडी वाहत जातात, त्यांतून निघालेली काचेसारखी पारदर्शक पिले कित्येक आठवडे प्लवकांबरोबर तरंगत राहतात. आईवडील आणि पिलू यांची ओळख होण्याचा प्रश्नच येत नाही. मत्स्यालयात जन्मलेली डोरी हाही पेच आहेच. चित्रपट जून २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, तोवर बंदिस्त पाण्यात हा मासा अंड्यापासून वाढवण्यात कोणाला यश आल्याचे जाहीर झाले नव्हते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने ते पुढच्याच महिन्यात जाहीर केले. पिले निळी दिसू लागण्यास तेथे सुमारे पन्नास दिवस लागले. ही खरी हकीकतही काही कमी नाट्यमय नाही.

दुसरा मुद्दा टाकीचा, आणि शिक्षकांच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. या मालिकेतील टाकी म्हणजे काचेचा तुरुंग. खरी टाकी म्हणजे पाणी. निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो आणि सतत पोहतो, म्हणून त्याला निदान सहा फूट लांबीची, सुमारे ७०० लिटरची टाकी लागते असे जाणकार सांगतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या टाकीत साडेचोवीस किलो क्षार झाले. आणि ते नुसते स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सारे ठरलेल्या प्रमाणात हवेत. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, त्यामुळे रोज गोडे पाणी टाकून क्षारता राखावी लागते. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना वीज गेली आणि पंप थांबला, तर काय होईल हे आमच्या भागातील विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

त्याहून मोठा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियाचा. मासा तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात; तोपर्यंत मासा सोडला तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही तो मरतो. या दृष्टीने आधीचा 'फाइंडिंग निमो' (२००३) आठवावा. दवाखान्यातील टाकीतले मासे मुद्दाम गाळणी बंद पाडतात, पाणी हिरवेगार होते आणि सगळे मजेत असतात. प्रत्यक्षात पाणी हिरवे होण्याच्या आधीच अमोनियाने त्यांचा जीव धोक्यात आला असता. गाळणी पाणी सुंदर दिसावे म्हणून नसते. तिच्यातले जिवाणू टाकीला जिवंत ठेवतात. गंमत म्हणजे त्याच टाकीत बबल्स नावाचा एक पिवळा टँग आहे. हा मासा दिवसभर शेवाळ खरवडून खाणारा. प्रवाळांवर शेवाळ माजू न देणे हे अशा माशांचे निसर्गातले काम. चित्रपटातला बबल्स मात्र फक्त बुडबुड्यांमागे धावतो.

तिसरा मुद्दा शेवटाचा. टँग माशांनी भरलेला ट्रक समुद्रात कोसळतो, सगळे सुटतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण हा उष्ण कटिबंधातला, साधारण पंचवीस अंशांच्या पाण्यात राहणारा मासा. कॅलिफोर्नियाचा तो किनारा त्याच्यासाठी फार थंड आहे. ती सुटका मृत्यूची ठरली असती. आणि जेथे परके पाणी मानवते, तेथे उलटा अनर्थ होतो. काचेच्या टाकीतला सकर मासा असाच कोणीतरी 'दया' करून सोडला, आणि आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो. टाकीतला मासा नदीत सोडू नये, हा धडा या शेवटाने पुसला जातो.

यावर कोणी म्हणेल, पंचतंत्रातले प्राणीही बोलतात. तेथे आपण अशी उलटतपासणी करतो का? करत नाही, कारण पंचतंत्रातला कोल्हा हा माणसाचे सोंग आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. येथे खवल्या-खवल्यांची खातरी पटवून मग गोष्ट सांगितली आहे. चित्रपटामुळे लोकांनी टँग विकत घेण्यास गर्दी केली, हा आरोपही पुष्कळदा ऐकू येतो. मात्र ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. लोकांनी माशाची माहिती मात्र इंटरनेटवर अधिक शोधली. म्हणजे चित्रपट कुतूहल जागे करतो. त्या कुतूहलाला उत्तर देणे हे पुढचे काम शिक्षकाचे.

आणि त्या उत्तरासाठी समुद्र गाठण्याची गरज नाही. पिलांना जपणारे आईबाप माशांत खरोखरच असतात, आणि ते आमच्याच मामा तलावांत आहेत. मरळ पाणवनस्पती बाजूला सारून जागा करते, अंड्यांची राखण करते आणि पिलांचा तांबूस थवा पृष्ठभागाजवळ वावरत असताना नरमादी खाली पहारा देतात. तेवढ्या दिवसांत पहारेकरी पकडले, तर सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. डोरीच्या आईवडिलांसाठी डोळे पुसणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कळली, तर तलावातल्या मासेमारीकडे तो निराळ्या नजरेने पाहील.

तेव्हा चित्रपट जरूर दाखवावा, पण दोन भागांत. मध्ये थांबून विचारावे : टाकीत अमोनिया कोठे गेला? डोरी काय खाते? शेवटानंतर विचारावे : ट्रकमधल्या माशांचे दुसऱ्या दिवशी काय झाले असेल? आणि त्याच आठवड्यात एखाद्या ढिवर बांधवाला वर्गात बोलवून मरळीबद्दल बोलते करावे. सती नदीचे पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीतून अखेर समुद्रालाच मिळते. तेथवर जाण्याची वाट गावच्या तलावावरून सुरू झाली, तर ती अधिक पक्की होईल.